सव्वा महिन्याचा शेक

निमगाव केतकी
११ जून २०२३

वन्सं, जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकाल असं वाटतंय. टाकलं तरी चालेल, फक्त फाडू नका. सवड झाली की वाचा. फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही उचलत नाही हे एक. दुसरं असं की आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आत्यांना ऐकू जातं. तुमच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, कान मात्र शाबूत आहेत.

मागच्या वर्षी माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. छाती काढली. बारामतीला केमो झाले, पुण्याला किरणांचे लाइट दिले. केस गेले आणि आले. तुमचे भाऊ असते तर त्यांनी तुम्हाला नागपूरला कळवलं असतं. ते एसटीत बसल्या जागी गेले तेव्हापासून या घरातून तुम्हाला कळवणारं कुणी राहिलं नाही.

आता पुण्यात त्याच जागी नवी छाती करणार आहेत. बाहेरची वस्तू घालून नाही, माझ्याच पोटाच्या मांसाची. बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या शिरेसकट उचलायची, वर आणून बसवायची, आणि शिरेला शीर दुर्बिणीखाली जोडायची. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी आपलं इंदापूरच्या वाचनालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक आणून वाचलं. निम्मं कळलं. तुम्हाला आठवतंय का, लग्न होऊन आले तेव्हा मला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. तुमच्या भावांनी कारखान्यातून आणलेले जुने पेपर अक्षर लावून लावून वाचायला शिकले.

गावात कळायचं ते कळलंच. शेजारची कुशाबाई ब्लाऊज शिवायला टाकायला आली आणि दारातच म्हणाली, "कांचन, एक सांग बाई, एवढं चिरून घेऊन दाखवायचंय कुणाला?"

मी म्हटलं, "टेलरला. त्याला दोन बाजूंचं माप जुळंना."

तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. कुशाबाईला आधी कळलं नाही, मग तीही हसली. आत्या मात्र आतून ओरडल्या, "मला हायेत की दोन्ही. काय उपेगाची? पदराला वजन नुसतं!"

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. मी चिंध्यांची उशी करून ब्लाऊजमध्ये घालते. मशीनवर वाकलं की ती सरकते. उन्हाळ्यात एकदा माप घेताना ती गिऱ्हाइकाच्या पायाशी पडली. बाई चांगली होती. तिनं खाली वाकून ती उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. मी तिच्या कमरेचं माप घेतलं.

तुमचे भाऊ गेले, मग गाठ आली, मग केस. एकेक जात राहिलं आणि मी जाऊ दिलं. हे एक परत मिळतंय म्हणतात, तर घ्यावं असं वाटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ही हौस म्हणायची का, मला ठरवता येत नाही.

तुम्ही या असं म्हणत नाही. तुम्ही पहिलटकरीण असताना माहेरी यायला नको म्हणालात, "आईच्या शेगडीवर मला झोपायचं नाही" असं म्हणालात, ते आत्यांच्या अजून गळ्याखाली उतरलेलं नाही. साऱ्या गावाच्या बाळंत लेकी त्यांनी शेकल्या आणि पोटची शेकायची राहिली. चौदा वर्षं झाली त्याला. मी मधे पडत नाही. माझं काही बरंवाईट झालं तर त्यांना बघायला तुमच्याशिवाय कुणी नाही, एवढंच लिहायचं होतं.

तुमची वहिनी,
कांचन


पुणे
९ जुलै २०२३

वन्सं, जय भीम.

झालं. सकाळी आत नेलं आणि बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. आता बसता येतं, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. पोट ओढल्यासारखं होतं, सरळ उभं राहता येत नाही. वाकूनच चालायचं आहे काही दिवस.

पहिले दोन दिवस तासातासाला नर्स यायची आणि पेनासारखं एक यंत्र नव्या छातीवर टेकवायची. त्यातून आवाज यायचा. लांब कुणाच्या विहिरीवर मोटार चालू असावी तसा, धप, धप, धप. नर्स म्हणायची, "आहे मावशी. जिवंत आहे." मग मी झोपायची.

हा आवाज आत्यांनी ऐकला. मी नको म्हणत असताना त्या आल्या, आणि खाटेशेजारी खाली सतरंजी टाकून राहिल्या. त्यांनी कान पुढे केला, ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळाचं ठोकं ऐकवत्यात तसंच हाय की गं हे."

नर्स हसली. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पोटाची पट्टी चाचपून बघितली, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. म्हणाल्या, "प्वाट चिरलंय. आत जीव धडधडतोय. ही बाळंतीण न्हाय तर काय हाय?"

तेव्हापासून त्यांचा सगळा सूर बदलला. डोक्याला रुमाल बांध, गार पाणी पिऊ नको, पंख्याखाली बसू नको. घरी गेल्यावर डिंकाचे लाडू करणार म्हणाल्या. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. मला मूल झालं नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे त्यांचा हा लाड माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. गावातल्या बायकांना मिळायचा, मी दारात उभी राहून बघायची.

छाती दिसायला चांगली आहे. रंग थोडा वेगळा आहे, पोटाचा. हात लावला तर हाताला कळतं, छातीला कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शीर जोडली पण जाणिवेची नस तुटते, काही वर्षांनी थोडं कळायला लागेल, कदाचित लागणारही नाही. मी म्हटलं, चालेल. आपल्याच पोटाला अजून पत्ता लागलेला नाही की आपण कुठं येऊन बसलो.

शेजारच्या खाटेवर भवानीनगरची अंजुम आहे. पस्तिशीची, हसरी. तिचंही हेच करायचं आहे, पण रक्त कमी निघालं म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतायत. नंतर बोलावणार. ती माझ्याकडं सारखी बघत असते. काल म्हणाली, "काकी, बघू का जरा?" मी दाखवली. तिनं बोट लावलं आणि म्हणाली, "गरम आहे." मी म्हटलं, "मग? जिवंत आहे." ती रडायला लागली. आत्या तिला म्हणाल्या, "रडू नगो पोरी. तुझं झालं की मी यीन भवानीनगरला. हिच्यासारखंच तुला सव्वा महिना शेकीन. मग बघ कशी उठून पळतीस."

बुधवारी घरी सोडणार आहेत. नर्सनं कागद दिलाय, इंग्रजीत आहे. तोंडी सांगितलं ते असं: वजन उचलू नका, डाव्या कुशीवर झोपू नका, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, जखम ओली करू नका.

खूप दिवसांनी कुणाला तरी चांगलं काही कळवावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

कांचन


निमगाव केतकी
२८ जुलै २०२३

वन्सं, जय भीम.

घरी आले. सगळं ठीक आहे. दोन घास जास्तच जातात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बिनतिखटाचं वरण. कुशाबाई बघायला आली आणि लाडू खाऊन गेली. म्हणाली, "कांचन, तू बाळंत झालीस आन् बारशाचं आवतन न्हाई दिलंस!"

आत्या रोज दोन वेळा शेकतात. खाटेखाली विस्तव ठेवायचा म्हणत होत्या, त्याला मी ठाम नको म्हटलं. मग तव्यावर पुरचुंडी गरम करतात. मीठ आणि ओवा सुती फडक्यात बांधलेला. मी म्हटलं, "आत्या, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका म्हणालेत."

त्या म्हणाल्या, "पिशवी कुठं हाय? पिशवी रबराची आसती. त्यातलं पाणी सांडतं, म्हणून नगो म्हणत्यात. मीठ-ओव्याला कोण न्हाय म्हणतंय?"

तसं डॉक्टरीणबाईंनी ओव्याचं नाव घेतलं नव्हतं हे खरं.

त्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघतात. मग बाईच्या अंगावर ठेवतात आणि विचारतात, "बस का?" बाई "बस" म्हणाली की उचलतात. पोटाला इतकं बरं वाटतं, वन्सं, की डोळे मिटतात. आधी पोट, मग कंबर, मग छाती. छातीला सगळ्यात जास्त वेळ, कारण आत्यांच्या मते तिथला जीव नवा आहे आणि त्याला ऊब पाहिजे.

परवापासून छातीच्या खालच्या बाजूला लाल झालंय आणि फोडासारखं काही आलंय. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नसणार. आत्यांना दिसत नाही, मीही बोलले नाही, उगाच घोर लागायचा.

बाकी सगळं चांगलं. मशीनवर अजून बसत नाही. पडल्या पडल्या वाचते.

कांचन


निमगाव केतकी
२४ ऑगस्ट २०२३

वन्सं,

तुमचा मेसेज आला होता. "शेक बंद करा. आजच डॉक्टरला दाखवा. तेल, पाला काही लावू नका." चौदा वर्षांनी तुमचे शब्द आले आणि मी ते एसटीत वाचले, पुण्याला निघालेली. फोड फुटून काळं पडलं होतं आणि वास यायला लागला होता. तुम्ही पत्रातली एक ओळ वाचून ओळखलंत. माझ्या अंगावर होतं आणि मला कळलं नाही.

ती गेली. आधी म्हणाले, थोडा भाग जाईल, बाकी वाचवू. मग पू आत गेला. मग सगळी काढावी लागली. आता तिथं पहिल्यासारखं सपाटही नाही, खड्डा आहे, आणि कातडी ओढून बसवलेली.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, परत करता येईल का. त्या म्हणाल्या, पोट एकदाच देता येतं, आता तिथं काही शिल्लक नाही. पाठीचं घेता येईल, पण लाइट दिलेली आणि पू झालेली जागा आहे, खात्री देत नाही. त्या वाईट बोलल्या नाहीत. बोलून झाल्यावर मान खाली घालून बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मी पाठीला नको म्हणून सांगितलं.

आता जे लिहिते ते फक्त तुमच्यापाशी ठेवा.

जखम बघून त्यांनी पहिलंच विचारलं, "हे भाजलंय. कशानं भाजलं?" आत्या शेजारी उभ्या होत्या, माझी पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "गरम पाण्याची पिशवी ठेवली होती मी. पोटासाठी. झोपेत वर सरकली असेल."

डॉक्टरीणबाई फार रागावल्या. त्यांच्या आठ तासांच्या कामाचं मी काय केलं होतं! आणि त्या थांबल्यावर आत्या सुरू झाल्या. साऱ्या वॉर्डासमोर. "तुला सांगितलं हुतं न्हवं, पिशवी ठिवू नगो म्हणून? कवा ठिवलीस? मी आंघुळीला गेल्ते तवा ठिवलीस व्हय? डॉक्टरीणबाई, ही लई हट्टी. पुस्तकं वाचती, पण आयकती कुणाचं न्हाय."

मी खाली बघत राहिले. मला वाटतं त्या वेळी मला हसूही आलं असेल. नक्की आठवत नाही.

त्यांना काय सांगू? पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. माझ्यासाठी खाली सतरंजीवर झोपल्या. त्या पुरचुंडीला त्यांनी गाल लावून बघितला होता, दर वेळी. त्यांचा गाल पोळला नाही. पण नुसता गाल लावून भागत नाही, पुढचं काम बाईच्या "बस"वर असतं. त्या विचारायच्या, "बस का?" आणि मी म्हणायची, "राहू दे, बरं वाटतंय." कारण पोटाला बरं वाटत होतं. छाती काही बोलत नव्हती, आणि तिच्या वतीनं मीच बोलत होते.

राग येतो का असं तुम्ही विचाराल. सकाळी अंगावर पाणी घेताना येतो. मग त्या बाहेरून विचारतात, "पाणी झालं का गं बेताचं?" आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नाही.

त्यांना कळू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. तुम्हीही कधी बोललात त्यांच्याशी, तर बोलू नका.

कांचन


निमगाव केतकी
१० सप्टेंबर २०२३

वन्सं, जय भीम.

अंजुमचा फोन आला. रक्त वाढलं, आणि तिचंही झालं. पोटाचंच. ठोके नीट आहेत म्हणाली. या आठवड्यात घरी येईल. माझं गेलं हे तिला माहीत आहे, पिशवीनं गेलं असंच माहीत आहे. मला म्हणाली, "काकी, मी पिशवीला हात नाही लावणार. तुमच्या सासूबाईंना पाठवा ना तेवढं. आमच्या सासूबाई रोज विचारतात, मावशी कधी येणार म्हणून."

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत आत्या पुढं झाल्या. "येते की! शबानाबीला म्हणावं, मीठ-ओवा आणून ठिव. मी यीपतूर तूच सुरू कर. तवा कडक तापू दिऊ नगो, गालाला लावून बघ."

मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरांना विचारू दे तिला."

"डॉक्टरांनी तुला सांगितलं तवा तू आयकलंस?" म्हणाल्या. अंजुम तिकडून हसली.

दुपारी मी तिला एकटीला फोन लावला. तिच्या सासूनं, शबानाबीनं उचलला. मी म्हटलं, शेक देऊ नका, मिठाचा पण नको, त्या जागेला कळत नाही. ती म्हणाली, "कांचनबाई, तुमचं बिघडलं म्हणून घाबरताय तुमी. तुमच्या सासूच्या, रंगुबाईंच्या हातानं माझी लेक उठली, नात उठली. त्यांना न्हाय कळायचं, मग कुणाला?"

म्हणजे खरं सांगितल्याशिवाय ती ऐकणार नाही. आणि तिला सांगायचं तर ते संध्याकाळपर्यंत आत्यांपर्यंत येणार. भवानीनगर काही लांब नाही, आणि गावोगावच्या बायका आत्यांना ओळखतात.

तुम्ही नर्स आहात, तुम्ही सांगा. एकीचं अंग वाचवायचं की दुसरीचं आयुष्यभराचं काम राखायचं? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुम्ही ते चौदा वर्षांपूर्वीच म्हणालात. तरी मी मेसेजची वाट बघते. दोन ओळी लिहा.

कांचन


निमगाव केतकी
१ ऑक्टोबर २०२३

वन्सं, जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल. किंवा पोचलं असेल आणि तुम्हाला वाटलं असेल की ज्याचं त्यानं बघावं. दोन्ही समजू शकते.

अंजुम घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी सकाळीच पिशवी भरली. ओवा, खडे मीठ, जुन्या धोतराची फडकी. नवं लुगडं नेसल्या. मी चहा दिला आणि समोर बसले.

मी म्हटलं, "आत्या, मी पिशवी ठेवली नव्हती."

"कसली पिशवी?"

"गरम पाण्याची. आपल्या घरात ती नाहीच. कधी नव्हती."

त्यांनी चहा बशीत ओतला होता. बशी तशीच धरून ठेवली. त्या अडाणी आहेत, पण मठ्ठ नाहीत. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

"तुला लागलं तवा बोलली का न्हाईस?"

"लागलंच नाही, आत्या."

"मी इचारत न्हवते? बस का, बस का म्हणून दर टायमाला इचारत न्हवते?"

"विचारत होता."

"मग?"

"तिथं काही कळत नाही. आजही कळत नाही. टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

त्या म्हणाल्या, "बाई सांगती तवर शेकायचं. माझ्या आयनं मला तेवढंच शिकवलं. ज्येला तोंड न्हाय, त्येला कसं शेकायचं ते शिकवलं न्हाय तिनं." आणि बशी खाली ठेवून म्हणाल्या, "ऊठ. एसटी जाईल."

मला वाटलं, त्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगायला दवाखान्यात निघाल्या. नाही. भवानीनगरला.

शबानाबीच्या घरात शिरलो तेव्हा गॅसवर तवा होता आणि तव्यावर पुरचुंडी. अंजुम पलीकडच्या खाटेवर, डोक्याला रुमाल बांधून. तिचा नवरा सिकंदर दुकानात गेलेला. आत्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तवा उतरव."

"या, या मावशी. आत्ताच ठेवलाय. काल एकदा दिला मी, तुमी सांगितला तसा, गालाला लावून..."

"उतरव म्हणते ना."

"काय झालं?" शबानाबी म्हणाली. "पोरीच्या अंगात वारं शिरंल की. तुमीच म्हणालात फोनवर."

"मीच म्हणले. आन् आता मीच म्हणते, उतरव."

शबानाबी हसून माझ्याकडं बघायला लागली, जणू मीच म्हातारीचे कान भरलेत. तिनं तव्याला हात लावला नाही. तेव्हा आत्या माझ्याकडं वळल्या. "कांचन, दाखीव."

मी पदर काढला. हुक काढले. माझ्याच हातानं लावलेले हुक, वरून खालपर्यंत, घाई करता येत नव्हती. मग ब्लाऊज बाजूला केला. आत्यांनी कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांना दिसतही नाही नीट. त्यांनी हात पुढं करून बोटांनी चाचपलं. त्यांचा हात लागला ते मला कळलं नाही, त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. त्या शबानाबीला म्हणाल्या, "हे पिशवीनं न्हाय झालं. हे माझ्या हातानं झालंय. मीठ आन् ओवा."

अंजुमनं तोंड भिंतीकडं केलं. शबानाबीनं गॅस बंद केला.

अंजुमचं आम्ही बघितलं. मी बघितलं, आत्यांसाठी. एके ठिकाणी गुलाबी झालंय, फोड नाही. त्याच दिवशी सिकंदरनं तिला गाडी करून पुण्याला नेलं. परवा तिचा फोन आला. वाचेल म्हणतात. ती माझ्याशी थोडकंच बोलली. माझ्या छातीचं काय झालंय ते तिनं बघितलंय, आता काय बोलणार.

त्या दिवशी एसटीत आत्या खिडकीशी बसल्या आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. घरी आल्यावर ओवा डब्यात ओतला.

गेल्या आठवड्यात पानमळ्याकडचा दीपक आला, त्याची बहीण बाळंत झालीय. आत्या म्हणाल्या, "माझ्याच्यानं व्हत न्हाय आता." त्याला वाटलं, वयामुळं. तो म्हणाला, "रंगुआज्जी, नुसतं बसून सांगा, करतील बायका." त्या म्हणाल्या, "दवाखान्यात इचारा." तो गेल्यावर कुशाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "म्हातारी लई भाव खायला लागली गं!"

मी त्यांना सांगितलं, आत्या, ज्यांच्या अंगाला कळत होतं त्यांना बरंच वाटलं असेल, खरंच. माझ्या पोटालाही वाटलं. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

काल मी कात्री लावत बसले होते. त्यांनी एकदम विचारलं, "वृषालीला कुणी शेकलं गं, तिच्या येळंला?"

चौदा वर्षांत तुमचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

मी म्हटलं, "कुणी नाही."

"आन् ती उठली?"

"उठली, आत्या. नोकरीवर गेली."

"पोरगं?"

"शाळेत जातं. चांगलं आहे."

मी ब्लाऊजचा गळा कापला, बाही कापली. मग त्या म्हणाल्या, "मग मी इतकी वर्षं काय करत हुते?"

याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर मला नको, त्यांना सांगा. पण तुमच्याकडं असेल असं मला वाटत नाही.

आज पत्र लिहायला बसले तेव्हा त्यांना कागदाचा आवाज गेला. म्हणाल्या, "तिला लिहितीस व्हय?" मी हो म्हटलं. विचारलं, तुमचं काय लिहू? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "लिही, बरी हाय. जेवती."

तसं लिहिलं. जेवत नाहीत.

कांचन